पूर्वेकडचे बीज आणि आईची पत्रे

गेल्या जूनमध्ये, शाळा सुरू होण्याच्या ऐन धांदलीत, एक जुना विद्यार्थी भेटायला आला. पंधरा-सोळा वर्षे तो अमेरिकेत आहे. लग्नाला बारा वर्षे झाली, घरात मूल नाही, आणि भारतातून एखादे मूल दत्तक न्यावे असे नवराबायकोच्या मनात आहे. जाताना त्याने टेबलावर दोन इंग्रजी पुस्तके ठेवली. एक त्याला शेजारच्या चर्चमधील एका वृद्ध बाईंनी प्रेमाने दिलेले, दुसरे त्याने स्वतः विकत घेतलेले. म्हणाला, "सर, पहिलं वाचलं की वाटतं, उद्याच मूल आणावं. दुसरं वाचलं की वाटतं, आपण कोण कुणाचं मूल आणणारे? तुम्ही वाचून सांगा."

हेडमास्तराला वाचून सांगण्याची खोड जन्माचीच असते. सुट्टीच्या दिवशी बसून मी दोन्ही पुस्तके वाचली, मग पुन्हा वाचली. मराठीत या दोहोंविषयी फारसे लिहिले गेलेले माझ्या पाहण्यात नाही, म्हणून त्याला द्यायचे उत्तर जरा विस्ताराने येथे मांडतो.

पहिले पुस्तक १९५६ सालचे. नाव 'द सीड फ्रॉम द ईस्ट', म्हणजे पूर्वेकडचे बीज. लेखिका बर्था होल्ट. अमेरिकेच्या ऑरेगॉन राज्यात क्रेसवेल नावाच्या खेड्याजवळ राहणारी ही शेतकरी गृहिणी, शिक्षणाने नर्स. नवरा हॅरी होल्ट लाकडाच्या गिरणीच्या धंद्यातून वर आलेला. १९५० मध्ये त्याला हृदयविकाराचा मोठा झटका आला आणि त्यातून तो वाचला. आपल्याला उरलेले आयुष्य कशासाठी तरी दिलेले आहे, ही भावना तेव्हापासून घरात होती. १९५४ च्या डिसेंबरात नवराबायकोंनी जवळच्या यूजीन शहरात एक फिल्म पाहिली. बॉब पियर्स या धर्मोपदेशकाच्या 'वर्ल्ड व्हिजन' संस्थेची ती फिल्म होती आणि तीत कोरियातील युद्धानंतरची अनाथ मुले होती. त्यातही अमेरिकन सैनिकांपासून कोरियन स्त्रियांना झालेली मुले. बाप निघून गेलेला, आईला समाज उभे करीत नाही, आणि मुलाचा चेहराच त्याच्याविरुद्ध साक्ष देतो. होल्ट दांपत्याला स्वतःची सहा मुले होती. त्यांनी आणखी आठ आणायचे ठरविले.

अडचण कायद्याची होती. १९५३ च्या निर्वासितविषयक कायद्यानुसार एका कुटुंबाला परदेशातील दोनच अनाथ मुले घेता येत. ऑरेगॉनचे सिनेटर रिचर्ड न्यूबर्गर यांनी होल्ट कुटुंबासाठी खास विधेयक मांडले आणि १९५५ च्या उन्हाळ्यात अमेरिकेच्या संसदेने ते मंजूर केले. इकडे विधेयकाची वाट पाहण्याचा धीर न धरता हॅरी, ते दुबळे हृदय घेऊन, कोरियात जाऊन राहिला होता. १४ ऑक्टोबर १९५५ रोजी तो बारा मुलांना घेऊन विमानाने पोर्टलंडला उतरला. आठ त्याची, बाकीची इतर कुटुंबांची. वर्तमानपत्रांतून फोटो आले आणि आम्हालाही मूल हवे म्हणणाऱ्या पत्रांचा ढीग क्रेसवेलच्या घरी येऊन पडला. परदेशी दत्तकविधानाची आजची व्यवस्था मुख्यतः या प्रसंगापासून वाढली असे म्हणतात, ते फारसे चुकीचे नाही.

पुस्तक म्हणून याची किंमत काय? बर्थाबाई साहित्यिक नाहीत आणि तसा आव त्यांनी कोठे आणलेला नाही, ही पहिली जमेची बाजू. आठ नवी अंथरुणे कोठे घालायची, आजारी बाळांना काय पाजायचे, आधीच्या सहा मुलांनी नव्यांसाठी काय काय केले, हे त्या इतक्या साधेपणाने सांगतात की वाचक त्या घराच्या ओसरीवर जाऊन बसतो. हॅरीच्या पत्रांत तर एक वेगळाच माणूस दिसतो. हिशेबी, हट्टी, थकलेला, आणि परक्या देशात आजारी लेकरांचे कपडे बदलणारा. धर्मकार्य म्हणजे व्यासपीठावरचे प्रवचन, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. येथे धर्मकार्य म्हणजे दुपटी धुणे आहे. ही पाने मला मनापासून आवडली.

पण हे पुस्तक 'साक्ष' या प्रकारातले आहे. ख्रिस्ती मंडळींत साक्ष देणे म्हणजे देवाने आपल्या आयुष्यात काय केले ते चारचौघांसमोर सांगणे. या प्रकाराचा एक स्वभाव असतो. त्यात योगायोग उरत नाही. पैसे वेळेवर आले, देवाने धाडले. व्हिसा अडकला, देव परीक्षा पाहतो आहे. व्हिसा सुटला, प्रार्थना ऐकली. लिहिणाराच्या श्रद्धेविषयी शंका घ्यायचे कारण नाही, परंतु प्रत्येक घटनेचा अर्थ आधीच ठरलेला असला की लेखकाला दुसऱ्या बाजूने पाहण्याची गरज वाटेनाशी होते. आणि या गोष्टीत दुसरी बाजू फार मोठी आहे.

पुस्तकाच्या नावाचीच कथा घ्या. कोरियाला जाताना हॅरी टोकियोत थांबला होता. रात्री मनाची घालमेल झाली, तेव्हा त्याने देवाकडे खूण मागितली, बायबल उघडले आणि न पाहता पानावर बोट ठेवले. बोट पडले ते यशयाच्या त्रेचाळिसाव्या अध्यायातील पाचव्या वचनावर. तेथे देव आपल्या लोकांना सांगतो की तुझी संतती मी पूर्वेकडून आणि पश्चिमेकडून गोळा करीन. हॅरीला खूण मिळाली आणि बर्थाबाईंना पुस्तकाचे नाव मिळाले.

मी बायबलचा अभ्यासक नाही. बी. ए. ला असताना एका प्राध्यापकांच्या आग्रहाखातर जुना करार वाचला होता, तेवढाच. म्हणून ते कपाटातून काढून तो अध्याय मागून-पुढून पुन्हा वाचला. ही वचने आहेत बाबिलोनच्या बंदिवासात पडलेल्या लोकांसाठी. त्यांना पकडून परमुलखात नेलेले आहे, तेथे त्यांची मुले वाढत आहेत, आणि देव म्हणतो आहे की या मुलांना मी त्यांच्या घरी परत आणीन. म्हणजे हे घरवापसीचे वचन आहे. हॅरी होल्टने ते नेमके उलट्या दिशेने वाचले. कोरियाची मुले कोरियाबाहेर काढण्याची आज्ञा त्याला त्यात दिसली. बोट बरोबर पडले असेल, वाचन मात्र त्याचे स्वतःचे होते. पुस्तकभर ही गोष्ट कोणाच्याही लक्षात येत नाही, कारण होल्ट यांच्या मनात मुलांचे 'घर' एकच आहे, क्रेसवेलचे. मागे एक घर होते, ते पडके, गरीब, बदनाम असेल, पण होते, हा विचार साक्षीत मावत नाही.

त्यामुळे या पुस्तकात आई नाही. बर्थाबाई आहेत, सबंध पुस्तकभर आहेत, पण ज्यांनी मुले जन्माला घातली त्या बायका मुख्यतः दयेचा विषय म्हणून येतात. त्यांचे बोलणे आपल्या कानी पडत नाही. येथे मला आपल्या भाषेतली एक जुनी आठवण झाल्याशिवाय राहिली नाही. पंडिता रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेज येथे आपल्या लहान मनोरमेसह ख्रिस्ती झाल्या. पुढे त्या अमेरिकेला गेल्या, तेव्हा मनोरमा काही काळ वाँटेजच्या धर्मभगिनींजवळ राहिली. सिस्टर जेराल्डीन यांचा त्या मुलीवर निस्सीम जीव होता. मनोरमा त्यांना 'आजीबाई' म्हणे. पण मुलीला कोणती धर्मतत्त्वे शिकवावीत यावरून रमाबाई आणि आजीबाई यांच्यात पत्रांतून जे जुंपले, ते अ. भि. शहा यांनी १९७७ मध्ये संपादित केलेल्या पत्रसंग्रहात वाचायला मिळते. दोघीही श्रद्धावान, दोघीही मुलीचे भलेच इच्छिणाऱ्या. तरीही रमाबाई ठणकावून सांगतात की आई मी आहे. त्यांना इंग्रजी येत होते, त्यांच्या हातात लेखणी होती आणि मनात कोणाचे भय नव्हते. कोरियातल्या त्या बायकांकडे यांतले काहीच नव्हते.

साक्ष आणि साहित्य यांची सांगड बसतच नाही, असे मात्र मी म्हणणार नाही. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' आपल्या घरातच आहेत. १८९५ मध्ये रेव्हरंड टिळकांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हाचा संताप, एकटेपण, पुढे स्वतःच्या मनाचे पालटणे, सगळे त्या सांगतात. पण नवऱ्याच्या लहरीपणावर हसतात, स्वतःच्या सोवळेपणावर त्याहून जास्त हसतात. त्यांच्या घरात परकी पोरेही वाढली, आणि त्यांच्याविषयी लिहिताना आपण उपकार करतो आहोत असा सूर कोठे लागत नाही. श्रद्धेला हसण्याने काही होत नाही, हे लक्ष्मीबाईंना ठाऊक होते. बर्थाबाईंच्या पुस्तकात हे हसू असते तर कदाचित शंकेलाही थोडी जागा मिळाली असती.

होल्ट यांच्यावर आज टीका करणे सोपे आहे, म्हणून दुसरी बाजूही नोंदवतो. १९५५ च्या कोरियात त्या मुलांना खरोखर भविष्य नव्हते. नागरिकत्व बापाकडून मिळे, आणि बाप परदेशी, तोही बेपत्ता. सिंगमन ऱ्ही यांच्या सरकारलाच ही मुले देशाबाहेर जायला हवी होती. थंडीत, आजारात मुले दगावत होती. अशा वेळी कागदपत्रांची सावकाश छाननी करा म्हणणारा माणूस हॅरीला क्रूर वाटला, यात नवल नाही. पण तेथेच व्यवस्थेचा पाया कच्चा राहिला. अमेरिकेतील आईबापांनी मूल पाहिलेलेही नसताना त्यांच्या वतीने कोरियात दत्तकविधान उरकायचे, अशी मुखत्यारपत्राची पद्धत होल्ट यांनी चालविली. समाजकार्यातील जाणकारांनी तिच्यावर कडक टीका केली आणि अखेर १९६१ च्या अमेरिकन कायद्याने ती बंद पडली. शिवाय मूल मागणारे दांपत्य नव्याने जन्म पावलेले ख्रिस्ती असावे ही अट. घर कसे आहे यापेक्षा घरातली श्रद्धा कशी आहे याची चौकशी अधिक. आमच्याकडे स्थळ पाहताना गोत्र पाहतात आणि मुलाचे व्यसन पाहायचे राहून जाते, त्यातलाच प्रकार.

युद्धाची मुले संपली तरी मुले पाठविणे थांबले नाही. कोरियातून आजवर सुमारे दोन लाख मुले परदेशी गेली, आणि त्यांतली बहुसंख्य सैनिकांची नव्हती. गरिबांची होती, अविवाहित मातांची होती. दुसरे पुस्तक त्यांतल्याच एकीचे आहे.

जेन जोंग ट्रेंका यांचे 'द लँग्वेज ऑफ ब्लड', रक्ताची भाषा, २००३ मध्ये निघाले. जन्म कोरियात १९७२ चा, नाव जोंग क्योंग-आ. तान्ही असतानाच मोठ्या बहिणीबरोबर ती अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात एका ल्यूथरन कुटुंबात गेली. आईबाप कष्टाळू, देवभीरू, अबोल. मारझोड नाही, उपासमार नाही. फक्त मुली कोठून आल्या याविषयी घरात बोलायचे नाही. तुम्ही आमच्या आहात, झाले. या प्रेमळ मौनाचे वर्णन ट्रेंकांनी जसे केले आहे तसे मी अन्यत्र वाचलेले नाही. ओरडणाऱ्या आईबापांवर पुष्कळांनी लिहिले आहे. न ओरडणाऱ्यांवर लिहिणे अवघड असते.

आणि या मुली अनाथ नव्हत्याच. आई जिवंत होती. बाप दारूडा आणि हिंसक, त्याच्यापासून लेकरे वाचावीत म्हणून तिने ती दिली होती. पुढे त्या आईने मिनेसोटाचा पत्ता मिळविला आणि पत्रे लिहिली. बर्था होल्ट यांच्या पुस्तकात जिला वाचा नव्हती, ती बाई येथे लिहिते आहे, तेही दुसऱ्याकडून भाषांतर करवून घेऊन. मला ही दोन पुस्तके एकाच टेबलावर येण्याचे प्रयोजन येथे कळले.

ट्रेंकांनी पुस्तकाचा आरंभ केला आहे तो आपले कोरियन नाव आणि घराण्याच्या नोंदवहीतील नोंद सांगून. कोरियात प्रत्येक घराण्याची सरकारी वही असे, 'होजॉक' म्हणत. परदेशी दत्तक जाणाऱ्या मुलांसाठी स्वतंत्र, नवी वही काढण्याची रीत होती. तीत ते मूल एकटेच, आपल्या घराण्याचे आपणच प्रमुख. कागदावर अनाथ केल्याशिवाय ते देशाबाहेर जाऊ शकत नसे. तीस वर्षे जनरल रजिस्टर सांभाळलेल्या माणसाला हे वाचून अंगावर काटा येतो. रजिस्टरात लिहिले की ते खरे होते, ही आमच्या पेशाची श्रद्धा आहे, आणि ती खोटीही असू शकते हे आम्हाला मनातून ठाऊक असते. डीऍन बोर्शे लीम या चित्रपटकर्तीची गोष्ट तर याहून वरचढ. १९६६ मध्ये त्या दुसऱ्याच एका मुलीच्या कागदांवर अमेरिकेत आल्या, आणि ते त्यांना कळले फार पुढे. २००० सालच्या 'फर्स्ट पर्सन प्लुरल' या अनुबोधपटात त्यांनी ते मांडले आहे. अशा तक्रारी शेकड्यांनी झाल्यावर कोरियाच्या सत्यशोधन आयोगाने चौकशी केली आणि मार्च २०२५ मध्ये छप्पन्न जणांच्या बाबतीत मानवी हक्कांचा भंग झाल्याचे जाहीर केले. बनावट नोंदी झाल्या आणि सरकारने देखरेख केली नाही, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे.

ट्रेंकांचे पुस्तक निर्दोष नाही. पत्र, नाटुकले, लोककथा, स्वप्न असे अनेक घाट त्यांनी वापरले आहेत. काही ठिकाणी ते भावनेला पेलतात, काही ठिकाणी लेखिका आपल्या दुःखाला नवनवे पोशाख चढवून आरशासमोर उभी आहे असे वाटते. दत्तक आईबापांवर तिने अन्यायही केला आहे. शेतात राबणारी ती साधी माणसे, त्यांना जे जमले ते त्यांनी केले. त्यांच्या मौनामागे भीती होती, हे तिला दिसते पण ती तेथे थांबत नाही. याउलट आजारी आईच्या उशाशी बसल्याचा भाग साधा आहे आणि म्हणून श्रेष्ठ आहे. मुलीला कोरियन येत नाही, आईला इंग्रजी येत नाही. बोलायचे हातांनी. 'रक्ताची भाषा' हे नाव ऐकायला भारदस्त आहे, पण पुस्तक सांगते ते वेगळेच. रक्ताला भाषा नसते. भाषा शिकावी लागते, आणि शिकायचे वय निघून गेलेले असते.

आपण सीमाभागातली माणसे, आपल्याला हे अधिक समजावे. काही वर्षांपूर्वी नववीत एक मुलगा दाखल झाला. आईवडील हुबळीला अपघातात गेलेले, मामाने इकडे आणलेला. मुलगा कन्नडच बोले. घरात आजी मराठीशिवाय एक शब्द न जाणणारी. मामा सांगे, संध्याकाळी दोघे शेजारी बसतात, आजी त्याच्या केसांना तेल लावते आणि दोघेही गप्प. प्रवेशाच्या अर्जावर 'मातृभाषा' असा रकाना असतो. मी मुलाकडे पाहिले, मुलाने मामाकडे पाहिले, मामा म्हणाला, "मराठी लिहा सर." मी लिहिले. त्याची आई मराठीच होती, तेव्हा शब्दशः चूक काही नव्हती. पण त्या आईने त्याला जोजवले असेल कोणत्या भाषेत, ते मी विचारले नाही. हे अंतर हुबळी आणि बेळगावचे. सोल आणि मिनेसोटाचे किती असेल?

ट्रेंका पुढे कोरियात जाऊन राहिल्या. २०११ मध्ये तेथील दत्तक कायदा बदलला, जन्माची नोंद आणि न्यायालयाची परवानगी सक्तीची झाली, बाळ झाल्यावर निदान सात दिवस आईची संमती घ्यायची नाही असे ठरले. त्या बदलासाठी झटलेल्यांत त्या होत्या. आपल्याकडे हा विचार आधी झाला होता हे येथे सांगायला हवे. लक्ष्मीकांत पांडे या वकिलांच्या पत्रावरून सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये निकाल दिला की मुलासाठी आधी देशातच घर शोधावे, मग परदेशाचा विचार करावा. कागदावरचे आणि प्रत्यक्षातले अंतर आपल्याकडेही आहे, पण कागद तरी शहाणा आहे.

मग या दोन पुस्तकांत धार्मिक पुस्तक कोणते? पहिल्यात पानोपानी देव आहे. दुसऱ्यात चर्च आहे, रविवार आहेत, पण देवाविषयी लेखिका फारशी बोलत नाही. तरीही यशयाच्या त्या अध्यायातील परतीची तहान मला दुसऱ्याच पुस्तकात आढळली. पहिल्याला मी खोटे म्हणत नाही. हॅरी होल्ट १९६४ मध्ये कोरियातच, कामावर असताना गेला आणि इल्सान येथे त्याला पुरले. तेथे कोणी दत्तक न नेलेल्या अपंग मुलांसाठी त्याने वसतिगृह उभारले होते. थोरल्या मुलींपैकी मॉली नर्स होऊन १९५६ मध्ये तिकडे गेली आणि २०१९ मध्ये मरण येईपर्यंत तिने त्या मुलांत आयुष्य काढले. बर्थाबाई २००० मध्ये वारल्या, त्यांनाही अमेरिकेहून नेऊन इल्सानच्याच मातीत ठेवले. या मॉलीवर, जिने मुले कोठेही न नेता त्यांच्याजवळ जाऊन राहणे पत्करले, तिच्यावर कोणी चांगले पुस्तक लिहिले असते तर मी ते आधी वाचले असते.

विद्यार्थ्याचे पत्र दसऱ्याच्या सुमारास पुन्हा आले. अर्ज भरला आहे, पण पुढे कधी काय होईल सांगता येत नाही. मी दोन्ही पुस्तके टपालाने परत पाठविली. बर्थाबाईंच्या पुस्तकात दुपट्यांच्या पानावर खूण घातली आणि ट्रेंकांच्या पुस्तकात आईच्या पत्रांवर. सोबत मराठी अंकलिपी पाठवू की मूल ज्या भागातले असेल तिथली, एवढे त्याला विचारले आहे.